टोप्या गोळा करणाऱ्या गांगुर्डेबाई

गांगुर्डेबाई जीपमध्ये बसल्या की आधी आमच्या टोप्या गोळा करत. मग काठ्या. मास्तरांनी पोरांच्या गोट्या जप्त कराव्यात तसं सगळं सीटखाली जाई. मी पंचवटीतल्या एका चौकीत हवालदार. बाई दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर, राहायला नाशिक रोडला. ऐंशी सालाच्या आसपास आमच्या साहेबांनी ठरवलं, की डोकं फिरलेल्या माणसाकडे जाताना बाईंना बरोबर न्यायचं. आम्हाला तो खात्याचा अपमान वाटला.

'डोकं फिरलेला' हा शब्द बाईंना चालत नसे. 'वेडा' तर नाहीच. त्या म्हणत, पाहुणे. मी एकदा डायरीत 'पाहुण्यांस ताब्यात घेतले' असं लिहून साहेबांची बोलणी खाल्ली.

पहिल्या वेळी मात्र त्या रिक्षाने परस्पर आल्या. भाजीबाजारात एक जण हातात कोयता घेऊन कोबीच्या ढिगावर बसला होता, अगदी शांत. आरडाओरडा मीच करत होतो. अंगावर साधे कपडे, घामाने भिजलेले, आणि घसा बसलेला. बाईंनी थेट माझाच हात धरला आणि मायेनं विचारलं, "दादा, सकाळपासून काही खाल्लंत का?"

सगळा बाजार हसला. कोबीवरचा माणूसही हसला आणि कोयता बाजूला ठेवत म्हणाला, "बाई, भूक तर मला लागली हाय."

आमची पद्धत ठरलेली होती. बांधायचं आणि जीपमध्ये टाकायचं. मी दोरी काढली तशा बाई मध्ये उभ्या राहिल्या. आधी मला बांधा, म्हणाल्या. एवढ्या लोकांत माझं चाललं नाही. पाहुणे भजी खात खात, मोकळ्या हातांनी जीपमध्ये बसले.

नंतर चौकीत चहा पिताना मी त्यांना चिडवलं, की बाई, तुम्ही दोरीला सापासारख्या घाबरता.

त्या हसल्या नाहीत. "माझ्या भावाला गावाकडं असंच बांधून नेलं होतं. वाटभर मला हाका मारत होता."

मी म्हटलं, पोलिसांचंही चुकतं कधी कधी.

"पोलिसांना मीच बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "आता बरा आहे तो. रविवारी डबा घेऊन जाते. जेवतो. माझ्याशी बोलत नाही."

त्यांचा चहा गार झाला होता, म्हणून मी दुसरा मागवला.