चिमूटभर पूड

साहेबांनी डब्याचं झाकण जरासं वाकवलं, तर त्याचे कडकन दोन तुकडे झाले.

"मामा, जेवणाची सुट्टी झाली की तुम्ही पॅकिंगला. यंत्र दुसरं कुणीतरी बघेल."

मामा बावीस वर्षं प्लास्टिकची झाकणं काढणारं हेच यंत्र चालवत होते. "साहेब, आत जास्त तापतंय, म्हणून झाकण तडकतं. आवाज ऐका की याचा!"

"काटा दोनशेवीसवर आहे. काटा खोटा आणि तुमचा कान खरा?"

प्रयोगशाळेतल्या ताई सहसा कुणाच्या भांडणात पडत नसत. आज मात्र त्या आत गेल्या आणि गुलाबी पुडीची बाटली घेऊन आल्या. "ही अडीचशेच्या वर तापली की निळी होते आणि मग निळीच राहते. प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळा, मामा. आत किती तापलं ते झाकणच सांगेल. फक्त चिमूटभर हं!"

ताईंची चिमूट तराजूवर अर्धा ग्रॅम भरत असे. मामांच्या पंजात मोठा पानासुद्धा दिसेनासा होई. त्यात प्रश्न त्यांच्या यंत्राचा, मग हात आखडता कशाला घ्यायचा? बाटली रिकामी झाली. उरलंसुरलं पंख्याने उडवलं. मामांच्या मिशा गुलाबी, साहेबांचा शर्ट गुलाबी.

"मामा! वर्षभराची पूड होती ती!"

"चिमूटच घातली, ताई. तीनदा."

साहेब शर्ट झटकत तोंड उघडणार, तेवढ्यात साचा उघडला.

झाकण गुलाबी होतं. मधोमध गडद निळा ठिपका, आणि त्यातून कडेपर्यंत निघालेल्या निळ्या रेषा, केसाइतक्या बारीक. दुसऱ्या झाकणावर त्या जरा वळल्या होत्या. तिसऱ्याची तऱ्हाच वेगळी. पॅकिंगची माणसं हातातलं काम टाकून आली. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरतं, हे ताईंनी पुस्तकात बाण काढून दाखवलेलं पाहिलं होतं. इथे ते धावता धावता थिजलं होतं. त्यांचा चष्मा झाकणाला टेकला.

"निळं," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणजे अडीचशेच्या वर. मामांचा कान खरा."

मामांनी यंत्राखाली डोकं घातलं. उष्णता मोजणारी तार भोकातून सरकून बाहेर आली होती आणि खुशाल वारा खात होती. त्यांनी ती आत ढकलली. काटा टुणकन दोनशेसाठावर गेला. मामांनी आच उतरवली. हळूहळू रेषा फिकट झाल्या, मग नाहीशा झाल्या. झाकणं निव्वळ गुलाबी येऊ लागली. साहेबांनी एक पार दुमडलं. तुटलं नाही.

"यंत्र तुमचंच, मामा," साहेब म्हणाले. मग इकडेतिकडे बघत, "ती निळी झाकणं कुठं गेली हो?"

निळी एव्हाना ज्याच्या त्याच्या खिशात गेली होती.

साहेबांनी आवाज खाली आणला. "मामा, जरा आच वाढवता का पुन्हा?"

"साहेब, तडकतील झाकणं!"

"तडकू देत हो. घरी दाखवायला दहाच काढा. नाही, बारा."

मामांनी साहेबांच्या मागे पाहिलं. तिथे रांग लागली होती, आणि रांगेत पहिल्या ताई होत्या.