अंगणातले दोन संसार

आर्विड नायगार्डने ठरवले होते की हा वाद तो शास्त्रशुद्ध पद्धतीने जिंकणार!

वाद साधाच होता. उभी हयात धान्याच्या गोदामात वजनकाटा सांभाळून आर्विड निवृत्त झाला होता. आता मार्लिस आणि तो देश बघायला निघणार होते. आर्विडला हवा होता कॅम्पर, म्हणजे कासवाच्या कवचासारखी पिकअपच्या पाठीवर बसणारी खोली. मार्लिसला हवा होता छोटासा ट्रेलर, म्हणजे पिकअपमागून वासरासारखे निमूट येणारे चाकांवरचे घर. मिनेसोटाचा अख्खा हिवाळा, तळे गोठल्यापासून त्यावरचा बर्फ फुटेपर्यंत, या एका प्रश्नावर सरला.

"कॅम्पर म्हणजे मोकळेपणा!" आर्विड म्हणे.

"शिडी चढून ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचं, याला मोकळेपणा म्हणतोस? माझे गुडघे काय भाड्याने आणलेत?"

खरे कारण आर्विडने कुणालाच सांगितले नव्हते. त्याला पिकअप रिव्हर्समध्ये टाकून ट्रेलर उलटा घेता येत नसे. आठ वर्षांपूर्वी तळ्याच्या उतारावर बोट सोडताना त्याचा ट्रेलर वळून पिकअपवरच घडीच्या चाकूसारखा मिटला होता, आणि काठावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली अकरा माणसे ते मुकाट्याने पाहत होती. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. ती शांतता अजूनही कधी कधी, भांडी विसळताना, त्याच्या मनात पाण्यासारखी पसरत जाई. मार्लिस त्या दिवशी बहिणीकडे गेली होती, एवढीच देवाची कृपा!

मे महिन्यात त्याने योजना मांडली. "गोदामातल्या लीरॉयचा कॅम्पर आपल्या पिकअपवर चढवू. तुझ्या बहिणीचा ट्रेलर शेजारी लावू. आठवडाभर तू तुझ्यात, मी माझ्यात. जो आधी कंटाळेल तो हरला!"

साडूने ट्रेलर एका दमात उलटा घेऊन अंगणात लावला. तेवढा वेळ आर्विड ढग पाहत होता.

सोमवारी सकाळी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत संवाद सुरू झाला.

"मार्लिस, मीठ दे गं!"

"तुझं तुला, माझं मला! ठरलंय ना आपलं?"

"बरं! माझं काही अडत नाही तुझ्यावाचून!"

"आणि मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून झोपले!"

कुंपणापलीकडे वर्ना लिंडक्विस्ट वाफ्यातले तण उपटत होती. तिचा हात हवेतच थांबला.

त्या गावात दुसऱ्याच्या दुःखाविषयी विचारणे असभ्य समजत. विचारायचे नाही, हॉटडिश न्यायची! खाली खिमा आणि सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी, आणि भांडे परत मिळावे म्हणून बुडाशी चिकटपट्टीवर स्वतःचे नाव. दुपारी वर्ना दोन भांडी घेऊन आली. मोठे मार्लिसला, धाकटे आर्विडला.

"हवा छान पडलीय," ती डोळे टिपत म्हणाली आणि निघून गेली.

मग आला ऑर्विल, ज्याची बायको फार पूर्वी सोडून गेली होती. त्याने आर्विडच्या खांद्यावर हात ठेवला.

"पहिले दिवस जड जातात, गड्या."

"मान अवघडते," आर्विडने कबूल केले.

"मग सवय होते. जागा एवढीशी, पण आपली. बोलणारं कुणी नाही."

"हेच! हेच तर मी तिला हिवाळाभर सांगतोय!"

ऑर्विल दचकून दोन पावले मागे सरला.

गुरुवारपर्यंत चौदा भांडी जमली. आर्विड ती मते म्हणून मोजू लागला होता.

"माझी सहा!" तो खिडकीतून ओरडला.

"माझी आठ! शिवाय वर्ना म्हणाली, 'फार आधीच करायला हवं होतंस!'"

आर्विडने आपली सहा भांडी पुन्हा मोजली. संध्याकाळी ट्रेलरच्या खिडकीत पिवळा दिवा लागला, तेव्हा त्याला उगाचच वाटले की तो दिवा फार लांबच्या गावातला आहे, आणि त्या गावाला जाणारी शेवटची गाडी चुकली आहे. मोकळेपणाला मार्लिसच्या घोरण्याचा आवाज नसतो, हे त्याने हिशेबात धरलेच नव्हते.

शुक्रवारी चर्चचे पास्टर ट्वेट स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले आणि कॅम्पर व ट्रेलर यांच्या बरोबर मधोमध बसले.

"आर्विड, चाळीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. दुखतंय कुठे?"

"कंबर. आणि छताला डोकं आपटतं."

"मार्लिस, तुला?"

"मला? मी मजेत आहे!"

पास्टरांनी डोळे मिटले. "पुन्हा एका छपराखाली राहण्याचा काहीच मार्ग नाही का?"

"राहणारच आहोत की! दोन्हींतलं एकच घ्यायचंय. कुठलं, ते हा ठरवू देत नाही."

कुंपणापलीकडून "अगं बाई!" असा आवाज आला आणि वर्ना वाफ्यातच बसली.

 मग पास्टरांनी हळूच विचारले, "मान अवघडूनही एवढा हट्ट का रे?"

आर्विडने बुटांकडे पाहिले. "मला ट्रेलर उलटा घेता येत नाही."

"ठाऊक आहे," मार्लिस म्हणाली. "तुझी बोट पाण्यात उतरायच्या आत वर्नाचा फोन आला होता मला."

"आणि आठ वर्षं बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. नाही येत तर नाही येत! आपण पुढेच जात राहू."

पास्टर खाकरले. "त्या अकरांतली तिसरी खुर्ची माझी होती."

कॅम्पर लीरॉयकडे परत गेला. गावाला तोंड दाखवायची लाज वाटून दोघे चौदा भांड्यांसह ट्रेलर घेऊन निघाले आणि भांडी रिकामी झाल्यावरच परतले.

गल्लीत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. आर्विडने त्या मोजल्या नाहीत. ट्रेलर अंगणात उलटा घ्यायचा होता; मार्लिस खाली उतरून हात हलवू लागली.

"डावीकडे! अरे, तुझं डावं!"

तीच ती जुनी शांतता पसरली. ट्रेलर वळला, आणखी वळला, आणि नायगार्डांच्या पत्रपेटीला त्याने खांबासकट आडवे केले.

मार्लिस पहिली हसली. मग वर्ना, मग पास्टर, मग सगळी गल्ली. सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ आर्विड!

दुसऱ्या दिवशी दारात एक हॉटडिश होती. पत्रपेटीच्या दुःखाबद्दल.