बर्फाच्या तळ्यातले बैल

"तू बैलाचं पोट आधी केलंस की शिंगं?"

"पोटच. शिंगं आधी कोण करतं रे? एवढा शिकलास ना तू?" सिंधुबाईंनी चिखलाचे हात फडक्याला पुसले.

दिनेशने कपाळ धरलं. नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांत पलंगाखाली तीन दिवसांपासून एक उभा चिरलेला पाइप पडून होता. हिमालयात, बर्फाच्या कड्याखालच्या तळ्यातून काढलेला गाळ त्यात होता. खाली जुना, वर नवा. बर्फ कधी पुढं सरकला, दुष्काळ कधी पडला, कुठला ज्वालामुखी फुटून राख उडत आली, हे सगळं त्याच्यात वाचता येतं म्हणे. त्याच्यावर दिनेशची तीन वर्षांची पीएचडी होती. रेल्वेत पाइपाला बर्थवर झोपवून हा पठ्ठ्या खाली पेपरवर झोपला होता. पाइपाची एवढी सेवा. सिंधुबाईंना, म्हणजे आईला, मात्र ते काय आहे हे सांगायला त्याला वेळ नव्हता.

आणि आज पोळा.

"बाजारातून बैल आणायचे ना."

"ते? नुसता रंग. हात लावला की शिंग हातात. तुझी माती बघ, एक खडा नाही. लोणी. आणि मधली फूटभरच घेतली, बाकीची ठेवली की."

"मला मधलीच लागते."

"मग मोड बैल आणि भर परत."

म्हणून तर तो पोटाचं विचारत होता. पोटात जुनी शतकं, शिंगांत नवी, असं असतं तर थर ओळखून परत लावता आले असते. पण सिंधुबाईंनी सगळी माती आधी पाणी घालून छान मळून घेतली होती. हजार वर्षांचा एकच गोळा.

अकराच्या गाडीने वाल्मीक सर येत होते. त्याचे गाइड. पाइप बघून ते हो म्हणाले तरच प्रबंध पुढं जाणार होता. त्यांना स्टेशनवरून घरी आणताना रिक्षात दिनेशने तीनदा कबुली द्यायला तोंड उघडलं. तिन्ही वेळा सरांनी त्याला पावसाचे ढग कसे बनतात ते समजावलं. सरांना ऐकायची सवय नव्हती, शिकवायची होती.

घरी आल्यावर दिनेशने पाइप ओढला आणि गारच पडला. पाइपाचा मधला रिकामा फूट भरलेला होता.

सर गुडघ्यावर बसले. एका करड्या पट्टीतली चिमूट उचलून त्यांनी दाताखाली धरली. "करकरते. ज्वालामुखीची राख, दिनेश."

"सर, मला वाटतं..."

"वाटून घेऊ नकोस, बघ. राखेने सूर्य झाकला, थंडी वाढली, बर्फ खाली आला. आणि वर हे काय? मुळं. बर्फ हटला, झाडं आली."

मुळांना तुळशीचा वास येत होता. दिनेशने आईकडे बघितलं. आई फारच मन लावून चहा गाळत होती.

सरांनी तेवढ्यात घरच्या फोनवरून दिल्लीच्या संस्थेला फोन लावलासुद्धा. "हो, राखेचा थर. तीस वर्षं माती चाखतोय मी, चुकेन कसा? याच नंबरवर कळवा."

सिंधुबाई कप घेऊन आल्या. "सर, आधी चूळ भरता का? ती राख एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली आहे. ह्याचे बाबा भांडी घासायला आणतात. पाहुणे येणार आणि पाइपात हे एवढं भोक, बरं दिसतं का? म्हणून बुजवलं. वर कुंडीतली माती टाकली."

सर बराच वेळ दाढेवर जीभ फिरवत राहिले.

"वरचा आणि खालचा गाळ खरा आहे?"

"खरा आहे, सर."

"मग तेवढ्यावरच लिही. मधला फूट हाती नाही, असं स्पष्ट लिही. का नाही, ते कोणी विचारणार नाही. मी तर नाहीच." त्यांनी पिशवी उचलली. "आणि आज मी नाशिकला आलोच नव्हतो."

"जेवून जा की," सिंधुबाई म्हणाल्या. "पुरण शिजलंय."

फोन वाजायला लागला. बाहेरगावच्या कॉलची लांब, एकसारखी रिंग. सर एका पायात चप्पल घालून दारात पोचले होते.

"नको हो, बाई. मला आता निघायला पाहिजे."