तिसऱ्या वळणावर दत्ताराम

दत्ताराम खानोलकरांना माणूस ओळखायला पाच मिनिटं पुरत. निदान ते तरी असंच सांगत! दक्षता विभागातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या नजरेला काम उरलं नव्हतं, म्हणून ती मुलीच्या स्थळांवर पडली. तीन स्थळं त्यांनी अशीच उडवली. एकाचे तर बूटच फार चकचकीत होते!

चौथा, अनिश, मनवाने स्वतःच पसंत केला होता. "बाबा, या वेळी चौकशी नको हं," तिने बजावलं. "छे छे!" दत्ताराम म्हणाले आणि दुसऱ्याच संध्याकाळी गिरगावातून थेट चिंचपोकळीला, अनिशच्या चाळीखालच्या इस्त्रीवाल्यापुढे जाऊन उभे राहिले.

"पोरगा सोन्यासारखा आहे," इस्त्रीवाला म्हणाला. दत्तारामांचा संशय तिथेच बळावला. "कामावरून आला की दार लोटून घेतो. तासाभराने भिंत धरत धरत बाहेर येतो. परवा तर गॅलरीतून ओकला. माझ्या चादरीवर!"

"आणि आई?"

"दुर्गाताई ना? हिंदमाताला साड्यांच्या दुकानात असतात. आठशिवाय येत नाहीत."

दार लोटून, आईच्या माघारी, रोज! दत्तारामांनी मनातल्या मनात फाइल बंद केली. पंचनामा करायचा तेवढा राहिला होता.

वर गेले. आतून इंजिनाची घरघर येत होती. दार ढकललं, तर अनिश कॉटशेजारी मोटारीच्या सीटवर बसलेला! हातात स्टीअरिंग, पायाखाली पेडल, डोळ्यांवर काळा डबा. गाडीचा मात्र कुठे पत्ता नाही.

"श्वास सोड, वास घेऊ दे!" दत्ताराम गरजले.

अनिशने दचकून डबा काढला. "काका, तुम्ही? हा रेसिंग सिम्युलेटर आहे, गाडी पळवायचा खेळ. व्हीआर, म्हणजे डब्यातला रस्ता खराच वाटतो."

"मग ओकतोस कशाने?"

"कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डामुळे. चित्र तेच काढतं. व्हीआरला दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र लागतं, तेही सेकंदाला नव्वद वेळा. माझं कार्ड जुनं, पंचेचाळिसातच धापा टाकतं. मान आधी वळते, चित्र मागून येतं. मग पोट ढवळतं."

"तर नवीन घे!"

"तेवढ्या पैशांत सेकंडहँड स्कूटर येते, काका."

"तीस वर्षं असले जबाब ऐकलेत मी! आण तो डबा. मी स्वतः खात्री करतो."

"काका, नका! आणि प्लीज, आईला ओकण्याचं सांगू नका. बाबा दारूनेच गेले. कार्डबिर्ड तिला काही पटायचं नाही."

दत्ताराम सीटवर बसलेसुद्धा. पहिलं वळण झकास! दुसरं बरं. तिसऱ्याला त्यांनी मान उजवीकडे वळवली, पण रस्ता अजून डावीकडेच! मग रस्ता आला, पाठोपाठ भिंत आली आणि सगळ्यांत शेवटी दुपारची सोलकढी वर आली.

डबा अनिशच्या अंगावर टाकून ते गॅलरीत धावले. खालून इस्त्रीवाल्याची किंकाळी ऐकू आली.

मान वर केली तर जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेतलेली एक बाई. दुर्गाबाई नेमक्या आज लवकर आल्या होत्या!

"आई, हे... मनवाचे बाबा," अनिश म्हणाला.

दत्तारामांनी अदबीने नमस्कार केला. तो शेजारच्या खांबाला झाला. "मी घेतलेली नाही!" ते कसेबसे म्हणाले.

"आमचे हेपण असंच म्हणायचे," दुर्गाबाई थंडपणे म्हणाल्या.

"आई, ऐक ना, ते मशीन..." अनिशने सुरुवात केली. दत्तारामांनी झटकन हिशेब मांडला. पोरगं आता स्वतःच्या ओकण्यासकट सगळं खरं सांगणार, आणि बाईला ते पटणार नाही. त्यांना स्वतःला तरी कुठे पटलं होतं! मुलगाही बेवडा ठरणार, व्याहीही. मनवाचं लग्न इथेच मोडणार.

"मशीनबिशीन काही नाही!" ते ओरडले. "घेतली थोडी. मीच. एकट्यानेच!"

रात्री दुर्गाबाईंचा फोन दत्तारामांच्या पत्नीने, शेवंतीबाईंनी घेतला. "मुलगी पसंत आहे. असल्या घरात पोरीने केवढं सोसलं असेल हो! माझ्याकडेच येऊ दे तिला. फक्त एक अट आहे..."

अनिशकडून मनवाला सगळं कळलं. तिला हसावं की रडावं कळेना. शेवंतीबाई मात्र अजून नवऱ्याचं तोंड हुंगूनच दार उघडतात.

आता दत्ताराम दर शनिवारी परळच्या व्यसनमुक्ती केंद्रात जातात. निदान तिथे तरी खरं बोलावं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही!"

समुपदेशकाने सहानुभूतीने मान हलवली आणि त्यांना सहा महिन्यांऐवजी वर्षभर यायला सांगितलं.