प्रामाणिक भीती

कायद्याच्या राज्यात कुणाचाही जीव नियमाबाहेर घेतला जात नाही. जो घ्यायचा तो नियमात बसवूनच घेतला जातो. म्हणून न्यायालयाने जेव्हा बजावलं, की जिवाला धोका असल्याची प्रामाणिक भीती वाटल्याखेरीज पोलिसाने गोळी झाडू नये, तेव्हा शहराच्या पोलीस खात्याने तो आदेश शिरसावंद्य मानला आणि त्याचा नियम केला. तो पाळण्याचे दोन मार्ग होते: गोळ्या कमी करणं किंवा भीती वाढवणं. दुसरा सोयीचा होता.

कवायतीच्या मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भीतीचे वर्ग सुरू झाले. नाटकात काम केलेले एक गृहस्थ शिपायांना घाबरायला शिकवू लागले. पडद्यावर छत्री, पाकीट, चाव्यांचा जुडगा, केळं अशा वस्तू झळकायच्या आणि शिपायांनी दचकायचं. (केळ्याला सुरुवातीला कुणी दचकेना. उजळणीनंतर फरक पडला.) पहिल्याच अहवालात दचकण्याचं प्रमाण दुपटीवर गेलं आणि बेकायदा गोळीबार शून्यावर आला. गोळीबार थोडे वाढलेच होते, पण बेकायदा एकही नव्हता.

या देखण्या कामगिरीला गालबोट एकच, आणि ते म्हणजे थंडोबा. हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. हवालदार, निवृत्तीला टेकलेला, गुडघ्यांनी बेजार. परीक्षेत चाव्यांचा जुडगा दिसला तेव्हा तो म्हणाला, "कुणाचा तरी हरवलेला दिसतोय." त्याला नापास करण्यात आलं.

मग एका दुपारी एक सुतार आपल्या घरासमोरच्या जिन्यात पटाशी घेऊन बसला आणि वर येईल त्याला भोसकेन म्हणू लागला. बायको सोडून गेल्यापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जवळ होता म्हणून थंडोबा गेला, अर्धा जिना चढला आणि पायरीवर बसला.

"वर येऊ नका," सुतार म्हणाला.

"येत नाही. गुडघे नाही म्हणतायत."

"भोसकेन मी."

"त्यासाठी उठावं लागेल तुम्हाला. उठताच आहात तर पेलाभर पाणी आणा."

सुतार विचारात पडला. दाराची कडी काढायला एक हात लागतो आणि पेला धरायला दुसरा. त्याने पटाशी पायरीवर ठेवली, पाणी आणलं, आणि पेला देता देता रडू लागला. थंडोबाने सगळं पाणी सावकाश पिऊन टाकलं, पटाशी खिशात घातली आणि त्याला त्याच्या बहिणीकडे नेऊन सोडलं.

खात्याने अर्थातच चौकशी समिती बसवली.

"समोर धारदार हत्यार," साहेब म्हणाले, "आणि तुम्हाला भीती वाटली नाही?"

"वाटली की साहेब."

समितीच्या जिवात जीव आला. "मग गोळी का झाडली नाही?"

"त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती."

समोरच्या माणसाला भीती वाटण्याची तरतूद नियमात नव्हती. थंडोबाची बदली भांडारात झाली. "एरवी घरात तोंड उघडत नाही तुम्ही," त्याची बायको म्हणाली, "आणि नेमकं तिथे उघडलंत."

काही आठवड्यांनी सुतार आभार मानायला ठाण्यावर आला. कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्याने काखेत धरलं होतं. फाटकावर वर्गात पहिला आलेला शिपाई उभा होता. काय आहे म्हणून त्याने दरडावलं, सुताराने दाखवायला कापड सोडलं, आणि आतून चार पाय बाहेर आले.

आवाज ऐकून थंडोबा गुडघे विसरून भांडारातून धावत आला. सुतार जमिनीवर पडला होता. शेजारी एक नवं कोरं स्टूल होतं.

"उंच केलंय जरा," सुतार म्हणाला. "उठायला बरं पडेल तुम्हाला." थंडोबाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रुग्णवाहिका आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

या वेळची चौकशी चहा निवायच्या आत संपली. शिपायाचे हात अजून थरथरत होते. भीती अस्सल निघाली. स्टुलाची नोंद 'चार टोकांची संशयास्पद वस्तू' अशी झाली.

थंडोबा साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. पंचवीस वर्षांत त्याने कधी काही मागितलं नव्हतं. "साहेब, हा नियम बदला," तो म्हणाला.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. ते मनाने वाईट नव्हते. "नियम काय आम्ही एकट्यांनी केला? मसुदा जाहीर केला होता. चौकाचौकात हरकतींच्या पेट्या ठेवल्या होत्या. सगळ्या रिकाम्या आल्या."

"लोकांना कळलं नसेल, साहेब."

"पेपरात छापून आलं होतं. केळ्याचं सुद्धा. लोकांनी आवडीने वाचलं, एकमेकांना वाचून दाखवलं. खूप हसले म्हणतात."

थंडोबा खुर्चीवरून उठला. तो भांडारात परत गेला.

जो नागरिक हरकत घेत नाही त्याची संमती धरली जाते, असं त्याच मसुद्याच्या शेवटच्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. त्यानुसार प्रस्तुत नियमाला जनतेचा पूर्ण पाठिंबा आहे. केळ्याला आपणही हसलात. खातं आपलं ऋणी आहे.