खिडकीवाला हिरा

आमच्या चाळीत लाइट गेली की काड्यापेटी सापडायच्या आत पास्कूमामा दारात उभे असायचे. हातात मेणबत्तीचं पेटतं थोटूक. चाळीत नव्याने आलेल्यांना वाटायचं, शेजारी मदतीला धावला. मामा मात्र सरळ घरातल्या बाईसमोर जाऊन म्हणायचे, "बाय, मान जरा डावीकडे कर. कानातलं बघू दे."

मुलुंडचं गावठाण संपायचं तिथे आमची चाळ सुरू व्हायची. मामा त्या गावठाणातले, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातले. घाटकोपरला हिरे घासायच्या कारखान्यात कामाला होते. दिवसभर नवे हिरे घासायचे आणि संध्याकाळी लोकांच्या अंगावरचे जुने हिरे शोधत फिरायचे. वीज यायच्या आधी कापलेला तोच हिरा, असं त्यांचं मत होतं. तो दिव्याच्या उजेडासाठी कापलेला, तेव्हा तो दिव्यातच बघायचा.

"नवा दगड बडबड्या," ते म्हणायचे. "उजेड पडला की सुरू. जुना एक शब्द बोलतो आणि गप बसतो."

आमच्या आईच्या कानात काचेचे खडे होते. ते बघायलाही मामा एकदा आले. मेणबत्ती धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काच आहे. पण मनापासून काच आहे." आईला हा मान वाटला की अपमान, हे मला अजून कळलेलं नाही. ती त्यांना चहा मात्र दर वेळी द्यायची.

मेणबत्त्या ते गावठाणातल्या क्रुसापुढून उचलायचे. लोकांनी नवसाला लावलेल्या, विझलेल्या. फादरांनी एकदा विचारलं, "पास्कू, क्रुसापुढच्या मेणबत्त्या जातात कुठे?" मामा म्हणाले, "लोकांच्या घरी उजेड नेतो, फादर." फादरांनी पुढे विचारलं नाही.

एका लग्नात तर जेवणाच्या आधी अख्ख्या हॉलमधली लाइट गेली. वायरमन शोधून आणला, तेव्हा कळलं की कुणीतरी मेन स्विच खाली ओढलाय. तोवर मामा नवऱ्याच्या आत्याची नथ बघून परत पंगतीत येऊन बसले होते. "ठीक आहे," ते माझ्या कानात म्हणाले. "लांबून आणखी जुनी वाटलेली."

मी त्यांच्या घरी अभ्यासाला बसायचो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि आमच्या खोलीत पुस्तक उघडायला जागा नव्हती. मामांना मूलबाळ नव्हतं. मी सायन्सला आहे म्हटल्यावर प्रकाशाविषयी मला सगळं माहीत असणार, अशी त्यांची समजूत झाली. मला परीक्षेपुरतं माहीत होतं, तेही सगळं नाही. पण ते काही विचारायचे नाहीत, सांगायचेच. आणि सांगायचे बटाट्यावर.

चाकूने बटाटा कापत ते हिऱ्याचा इतिहास सांगायचे. एक बटाटा खालून सपाट, वरून कळीसारखा. "हा रोझ. खाली टोकच नाय याला, म्हणून पाण्यासारखा दिसतो." दुसरा चौकोनाकडे झुकलेला, गुबगुबीत, खालचं टोक छाटलेला. "हा त्याच्यानंतरचा. तेव्हा मशीन कुठलं? हिऱ्यावर हिरा घासायचा, नजरेनं. दगडाचं वजन जाऊ द्यायचं नाय, म्हणून जसा जमिनीतून आला तसाच अंगानं ठेवायचा. सगळे वेगळे, माणसांसारखे. टोक छाटलं की वरून बघताना मधोमध बारीक गोल दिसतो. आमचा शेठ म्हणतो भोक. मी म्हणतो खिडकी."

मग आतून मार्थामामी म्हणायच्या, "झाली शाळा? द्या इकडे, रस्सा उकळतोय."

त्या रात्रीच्या कालवणात हिऱ्याचे सगळे आकार असायचे. मामी वाढताना गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "रोझ देऊ की खिडकीवाला?"

मामी कमी बोलायच्या. त्यांच्या बोटात एक अंगठी होती. तिचं कोंदण ऐसपैस आणि मधला हिरा बारीकसा, मोठ्या माणसाच्या खुर्चीत लहान मूल बसावं तसा. मला ते विचित्र वाटायचं, पण विचारायचं कसं?

मी एसवायला असताना शेजारच्या कदमकाकूंच्या लताचं लग्न ठरलं. साखरपुड्यात लताने आजीची अंगठी घालायची होती. तिच्यातला हिरा जुना, जाडसर, काहीसा मंद. होणाऱ्या सासूबाई अंगठी बघून "जरा चमकत नाही, ना?" एवढंच म्हणाल्या होत्या. काकूंची झोप गेली. हिरा नव्याने घासून गोल करून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि घरचा माणूस म्हणून मामांकडे आल्या.

मामांनी अंगठी हातात घेतली आणि बराच वेळ परतच दिली नाही. मग म्हणाले, "सध्या हात दुखतो."

पुढच्या वेळी कारखान्याचं मशीन बिघडलेलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी शेठ गावाला गेला होता. काकू चिडल्या.

"मामा, सरळ सांगा ना, करायचं नाही म्हणून. साखरपुडा रविवारी आहे. मी दुसरीकडे टाकते."

"टाक. पण त्याच्याआधी संध्याकाळी लताला घेऊन ये. एकदा बघा, मग काय ते करा."

त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. काकू आणि लता आल्या. मामांनी दार लोटलं, लाइट बंद केली, थोटूक पेटवलं आणि अंगठी ज्योतीपाशी धरली. हिऱ्यातून एक रुंद, पिवळसर झळक आली. ती विझली, आणि मग दुसऱ्याच बाजूने आली.

"छान आहे," लता म्हणाली. "पण मामा, हॉलमध्ये ट्यूबलाइटी असतात. मी काय सासूबाईंच्या मागे मेणबत्ती घेऊन फिरू?"

काकूंना हसू आलं, मलाही आलं. मामा हसले नाहीत.

"मार्था, तुझा हात दे."

"कशाला आता?" मामी म्हणाल्या. पण आल्या आणि हात ज्योतीपाशी धरला. त्यांच्या अंगठीतला बारीक हिरा लुकलुक करू लागला.

"हापण असाच होता," मामा म्हणाले. "एवढाच मोठा. तिच्या आयचा. लग्न झालं तेव्हा मी नवीन घासायला शिकलेला. म्हटलं, बायकोला चकाचक करून देऊ. तिला न सांगता नेला आणि घासला. खिडकीवाला दगड गोल करायचा तर किती जातो, ते तेव्हा बघितलंच नाय."

"मी चांगला झाला म्हटलं होतं," मामी म्हणाल्या.

"म्हटलं होतंस. आणि डोळ्याजवळ नेऊन खिडकी शोधत होतीस."

मामींनी हात ज्योतीपासून मागे घेतला. मग लताला म्हणाल्या, "लहानपणी आय मला मांडीवर घेऊन त्यातून बघायला लावायची. आत कोण राहतं, म्हणायची."

लताने आजीची अंगठी उचलून डोळ्याजवळ नेली. मग ती बोटात घातली. जाताना काकूंनी दुसऱ्या कारखान्याचा विषय काढला नाही. सासूबाई काय म्हणतील, एवढं मात्र जिना उतरेपर्यंत म्हणत होत्या.

रविवारी हॉलमध्ये ट्यूबलाइटी होत्याच. त्यांच्याखाली हिरा अगदीच मंद दिसत होता. सासूबाईंनी लताचा हात हातात घेतला, वळवून बघितला आणि भुवया जराशा वर केल्या. काकू पदराशी चाळा करू लागल्या. मी मामांकडे बघितलं. ते खुर्चीवरून उठले होते, पण भिंतीपर्यंत पोचलेच नव्हते, आणि हॉलमधली लाइट गेली.

आरडाओरडा झाला. मग मामांची काडी पेटली, थोटूक पेटलं आणि त्या उजेडात मला मार्थामामी दिसल्या. मेन स्विचपाशी उभ्या होत्या. हात अजून स्विचवरच होता.

मामा लताजवळ गेले. सासूबाई वाकल्या. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "हा तर आत पेटलाय." लताने त्यांना आत कसं बघायचं ते दाखवलं. मग मामींना हाक मारली आणि अंगठी त्यांच्याही डोळ्यापुढे धरली.

मामी बराच वेळ बघत होत्या. जुना हिरा समोर असताना पास्कूमामांनी त्यावरून नजर काढलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मेणबत्ती अंगठीपाशी होती आणि ते मामींकडे बघत होते.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली," मामी म्हणाल्या. "जरा धरा तशीच."

मेण बोटावर ओघळलं, तरी त्यांनी तशीच धरली.