जाळ्या काढल्या

प्रयोगशाळा चालू ठेवायची की टाळं लावायचं, हे आज संचालक स्वतः येऊन ठरवणार होते, आणि नेमका आजच शास्त्रज्ञ बंद पडलेल्या बसमध्ये अडकला होता. त्याचा मदतनीस वारं बघून आधीच दुसरीकडे गेलेला. त्यामुळे फोन सफाईवाल्या मावशींनी उचलला.

"मावशी, साहेब यायच्या आत जाळ्या काढून ठेवा. जपून हं!"

"जपूनच काढते. भिंतीचा रंग..."

पण त्याने फोन ठेवला होता.

त्याच्या जाळ्या म्हणजे केसाहून बारीक सोन्याच्या रेघा असलेल्या तीन चकत्या. नेहमीच्या एक्स-रेत हाड दिसतं, मऊ मांस दिसत नाही. या जाळ्यांमुळे किरण कुठे किंचित वळले ते कळतं आणि मांसही दिसू लागतं, असं त्याचं म्हणणं. त्यात त्याने अर्धं आयुष्य घातलं होतं. दिसलं मात्र अजून कुणाला फारसं काही नव्हतं.

तो धापा टाकत पोचला. "जाळ्या काढल्या?"

"एकूण एक!" मावशी लांब झाडू घेऊन उभ्या होत्या.

"कुठायत?"

"टाकल्या की कचऱ्यात. जाळ्या काय जपून ठेवतात होय?"

तो इमारतीमागे धावला आणि कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उपसू लागला. त्याला अक्षरशः रडू येत होतं. तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं.

"काय शोधताय?" संचालकांनी विचारलं.

"जाळ्या, सर."

"एक तुमच्या चष्म्यावर आहे."

चष्मा पुसायला त्याने रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला लागली कपाटाची किल्ली. जाळ्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली सकाळपासून याच्याच खिशात. मावशी त्या काढणार तरी कशा होत्या, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

तो आत धावला, संचालक मागोमाग; हात धुवायचंही भान राहिलं नाही. त्याने कपाटातून जाळ्या काढून बसवल्या, यंत्रात कोंबडीची तंगडी ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर हळूहळू चित्र उमटलं. तंगडी सगळी धुरकट, आणि मधोमध, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा, शास्त्रज्ञाच्या अंगठ्याचा ठसा.

घाईत अंगठा जाळीवर दाबला गेला होता. सोन्याच्या रेघा मोडल्या होत्या आणि नवी जाळी आता कुणी देणार नव्हतं.

"इतकं स्पष्ट चित्र तुमच्याकडून पहिल्यांदाच बघतोय," संचालक म्हणाले. ते मऊ आवाजात बोलले, म्हणून जास्तच लागलं.

"सर, अजून एक संधी..."

"हे छापून द्या मला. प्रयोगशाळा बंद करायला तुमची सही हवी होती. आता राहू द्या, अंगठा चालेल."